ओठ मीट, मान तिरकी

१

श्यामकांत तावड्यांचा दिवस पेन्सिलीला टोक काढण्याने सुरू व्हायचा. आधी ब्लेड, मग पॉलिश पेपर. टोक इतकं लांब नि बारीक काढायचे की शेजारचा शिंपी म्हणायचा, "तावडे, एखादं बटण शिवून द्या की त्याने!" भांडुप स्टेशनाबाहेरच्या त्यांच्या स्टुडिओत लग्नाच्या मुलींचे 'दाखवायचे' फोटो निघायचे, आणि मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत अशी ख्याती होती की तावड्यांच्या पेन्सिलीखालून गेलेली मुलगी परत येत नाही. म्हणजे नकार घेऊन परत येत नाही.

ही पेन्सिल चालायची निगेटिव्हवर. तिथे सगळा उलटा कारभार असतो. गालावरचा काळा तीळ निगेटिव्हमध्ये पारदर्शक ठिपका होऊन बसतो, आणि त्या ठिपक्यात शिसं भरलं की छापलेल्या फोटोतून तीळ गुल. देवीचे व्रण, डोळ्यांखालची वर्तुळं, सावळा रंग, सगळ्यावर हाच एक इलाज. खिडकीजवळ तावड्यांचं उतरतं मेज होतं. त्याच्या मधोमध काच, काचेखाली उजेड वर फेकणारा आरसा. काचेवर निगेटिव्ह ठेवून ते स्वल्पविरामाएवढ्या रेघा मारत बसायचे. खस, खस, खस.

मुलींसाठी स्टुडिओची एक निळी साडी होती, चंदेरी काठाची. भांडुपमधल्या निम्म्या सुना त्या एकाच साडीत पसंत पडल्या होत्या. ती नेसवायची, प्लास्टिकच्या फुलांशेजारी स्टुलावर बसवायचं, आणि तावडे हुकूम सोडायचे, "ओठ मीट. मान तिरकी. दात दिसता कामा नयेत." आपलेच दात नि आपलेच ओठ हे लोक म्हणीत म्हणतात, तावड्यांनी त्यावर संसार उभा केला होता.

त्यांची मुलगी अनुपमा डार्करूम सांभाळायची. तिच्या डाव्या डोळ्याखाली चिंचोक्याएवढी तपकिरी जन्मखूण होती. बारशापासूनच्या प्रत्येक फोटोतून बाबांनी ती मोठ्या मायेने पुसली होती. घरात तिचे ढीगभर फोटो होते आणि एकातही ती नव्हती.

त्या वर्षी, म्हणजे शहाऐंशी सालच्या फेब्रुवारीत, तिचाही दाखवायचा फोटो मुलुंडला गेला. निळी साडी, मिटलेले ओठ, लोण्यासारखा गाल. मुलाकडून उलट टपाली होकार आला. मार्चच्या दुसऱ्या रविवारी मंडळी बघायला येणार होती. आई खूश, बाबा खूश, शिंपीसुद्धा खूश. अनुपमा मात्र नाही. नकार आला असता तर तिला चाललं असतं. हा होकार तिला भिववत होता, कारण तो त्या दुसऱ्या गुळगुळीत मुलीला होता, आणि जन्मभर तिच्या नावाने हिला नांदावं लागणार होतं.

२

रत्नप्रभा ही अनुपमाची कॉलेजातली मैत्रीण. वडील वाशीमहून येऊन घाटकोपरला स्थायिक झालेले, ही म्युनिसिपाल्टीच्या शाळेत तिसरीची बाई. बोलायला तोफ आणि हसायला लागली की शेजारच्या दुकानातले लोक डोकावून बघणार. आठ मार्चला शाळेच्या हॉलमध्ये महिला मंडळाचा कार्यक्रम होता, आणि दोघींनी तिथे फोटोंचं प्रदर्शन लावायचं ठरवलं होतं. नाव ठेवलं 'ओळखा पाहू!'

कल्पना रत्नप्रभाचीच. "बाईच्या जितक्या म्हणून जाती लोकांनी ठरवल्यात ना, खाष्ट सासू, सोशिक सून, नटवी, बिचारी विधवा, त्या सगळ्या मीच होणार. खाली लिहायचं, ही सगळी एकच बाई आहे, बोला आता!"

"आणि बाबा?"

"दुपारी झोपतात ना घरी जाऊन? त्यांचं घोरणं संपेस्तोवर आपलं काम खल्लास."

मग रोज दुपारी स्टुडिओचं दार ओढून घेऊन धमाल सुरू झाली. शाळा सकाळची असल्याने रत्नप्रभा मोकळीच असायची. खाष्ट सासूसाठी तिने तावड्यांचा जुना चष्मा नाकाच्या शेंड्यावर लटकवला, नऊवारी नेसली आणि कमरेला किल्ल्यांचा एवढा जुडगा खोचला की नेसूच घसरायला लागलं. अनुपमा डब्यासारख्या कॅमेऱ्यात वरून वाकून बघत होती आणि हसण्याने कॅमेरा हलत होता.

"अगं रागावून बघ!"

"कोणावर रागवू? समोर तू आहेस!"

"मी सून आहे. दूध उतू घालवलंय."

"मेले, म्हशीचं होतं का गं?" रत्नप्रभा गरजली आणि अनुपमाने बटण दाबलं.

संध्याकाळी प्रिंट काढली. झकास आली होती. फक्त सासूबाईंच्या हनुवटीवर एक तीळ होता, ठसठशीत, मोहरीएवढा. रत्नप्रभाच्या हनुवटीवर तीळ नव्हता.

३

अनुपमा धंद्यातली मुलगी. तिला आधी भूत आठवलं नाही, धूळ आठवली. कॅमेऱ्यात फिल्मवर कण बसला की फोटोत काळा ठिपका येतो, त्यात नवल ते काय? तिने कॅमेरा उघडून ब्रशने झाडला. मग त्याच रोलचे बाकीचे फोटो छापले. एकात सासूबाईंनी मान वळवली होती. मानेबरोबर तीळही वळला होता.

"धूळ अशी वळत नाही," ती स्वतःशीच म्हणाली. मग लगेच म्हणाली, "कधी कधी वळतही असेल."

पुढच्या दुपारी सोशिक सून केली. डोक्यावरून पदर, पुढ्यात पेटलेला स्टोव्ह, नजर जमिनीत. रत्नप्रभाला सगळं जमायचं, नजर जमिनीत ठेवणं सोडून. दोघी जरा शांत झाल्या होत्या, त्यामुळेच तो आवाज ऐकू आला. खिडकीजवळच्या मेजाकडून. खस, खस, खस.

"बाबा आले?" अनुपमा दचकली.

मेजापाशी कोणी नव्हतं. पेन्सिली ओळीने मांडून ठेवलेल्या. दार आतून बंद.

"उंदीर," अनुपमा म्हणाली. "नाहीतर बाबांच्या पेन्सिलीचा आवाज कानात बसलाय माझ्या."

रत्नप्रभा कान टवकारून उभी होती. "पेन्सिल नाहीये ती. खोडरबर आहे. अख्खा वर्ग रोज माझ्यासमोर खोडतो गं, पेन्सिलीचा आवाज पुढे जातो, खोडण्याचा पुढे-मागे होतो. ऐक नीट."

अनुपमाने ऐकलं. पुढे-मागे, पुढे-मागे, घाई नसलेला, पण नेटाचा. मग थांबला. तावड्यांच्या स्टुडिओत खोडरबर नव्हताच. तिथे कधी कोणाला काही खोडावं लागलं नव्हतं, नुसतं भरावं लागायचं.

त्या दिवशीच्या फोटोत रत्नप्रभाच्या मानेवर, पदराच्या जरा खाली, भाजल्याचा चट्टा होता. चुरगळलेल्या कागदासारखी कातडी, अगदी स्पष्ट. बाजूला स्टोव्ह. रत्नप्रभाने फोटो हातात घेतला आणि दुसरा हात आपोआप स्वतःच्या मानेवर गेला. मान गुळगुळीत होती. त्या वर्षांत स्टोव्हच्या भडक्यात सुना जळाल्याच्या बातम्या कोणी वाचल्या नव्हत्या?

"हा फोटो लावायचा," ती म्हणाली. "ही जी कोण आहे ना, तिला लोकांनी बघायलाच पाहिजे."

४

मंगळवारी सकाळी चहा देताना आई एकदम ओरडली, "अगो बाये! गेला मां डाग!"

अनुपमाने आरशात पाहिलं. जन्मखूण फिकी झाली होती. तपकिरीची बदामी झाली होती, आणि कडा तर शोधाव्या लागत होत्या.

घरात दिवाळीच आली. आई म्हणाली, हळद नि सायीचा गुण. शेजारणींनी हळदीचं प्रमाण विचारून घेतलं. बाबांनी तिचा चेहरा खिडकीशी नेऊन, हनुवटी धरून, निगेटिव्ह बघावी तसा डावी-उजवीकडे फिरवला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "फोटोसारखी दिसायला लागलीस गं बाय," ते म्हणाले. त्यांचा आनंद इतका खरा होता की अनुपमाला रडायचीही चोरी झाली.

सगळे कामाला गेल्यावर ती आरशाला नाक टेकेस्तोवर जवळ गेली. गालावर काही तरी होतं. जिथे खूण होती तिथे, अगदी बारीक, एकाशेजारी एक मांडलेल्या रेघा. स्वल्पविरामाएवढ्या. हा हात ती ओळखत होती. हजारो निगेटिव्हवर पाहिला होता.

तिने साबण लावला, दगडाने घासलं, गाल लाल झाला. रेघा हलल्या नाहीत. गुरुवारी खूण जवळजवळ दिसेनाशी झाली आणि दळणाच्या गिरणीतल्या बाईने तिला ओळखलंच नाही. "तावड्यांची ना तू? ती डाग असलेली कुठाय?" बाई हसत होती, पण अनुपमा दळण तिथेच ठेवून बाहेर पडली. कारण हाच प्रश्न तिलाही पडला होता. ती डाग असलेली कुठाय?

आणि एक होतं, जे तिने रत्नप्रभालाही सांगितलं नाही. त्या दिवसांत तिला मोठ्याने हसताच येत नव्हतं. ओठ आपोआप मिटायचे.

५

शुक्रवारी दुपारी प्रदर्शनाचा शेवटचा फोटो राहिला होता. 'मुलगी दाखवायची आहे.' रत्नप्रभाने निळी साडी हातात घेतली आणि अनुपमाकडे बघून थांबली.

"हा तुझा. तूच बस. मी काढते."

"मी? वेडी आहेस? दोन दिवसांनी खरोखर बसायचंय."

"म्हणूनच. चेहरा बघ तुझा, वाट लागलीय पार. नेस ती साडी."

अनुपमा साडी नेसून स्टुलावर बसली. मान कोणी न सांगता तिरकी झाली. रत्नप्रभा कॅमेऱ्यात वाकली. "अनू, दात दाखव."

"येत नाहीये गं हसू."

"मेले, म्हशीचं होतं का गं?" रत्नप्रभा सासूच्या आवाजात ओरडली.

अनुपमाच्या पोटातून हसू फुटलं. ओठांनी घट्ट धरून ठेवलं होतं, तरी फुटलं. बटण खटकन दाबलं गेलं. घड्याळ बघून रत्नप्रभा हॉलला खुर्च्या मांडायला पळाली, आणि अनुपमा तशीच, निळ्या साडीत, फिल्म धुवायला डार्करूममध्ये शिरली.

फिल्म धुऊन, वाळवून ती छापायला बसली तेव्हाही बाहेर लख्ख ऊन होतं. आत लाल दिवा. तिने कोरा कागद डेव्हलपरमध्ये सरकवला आणि तबक हलवू लागली. आधी केस आले. मग बुबुळं. मग, गाल अजून कोराच असताना, डोळ्याखाली चिंचोक्याएवढा डाग वर आला. काळा, भरदार, जुना ओळखीचा.

ती इतकी खूश झाली की बाहेरचा आवाज तिला उशिराच ऐकू आला. पुढे-मागे. पुढे-मागे.

तिने कागद फोटो पक्का करणाऱ्या हायपोत बुडवला, हात पुसले, आणि पडदा बोटभर बाजूला केला. मेजापाशी कोणी नव्हतं. पण पडद्याच्या त्या फटीतून मेजाच्या काचेखालचा आरसा दिसत होता, आणि आरशात उन्हाने उजळलेली एक मुलगी होती. निळी साडी, तिरकी मान, लोण्यासारखा गाल. अनुपमाचाच चेहरा, मुलुंडला गेलेला. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळून स्वतःचा गाल पुसत होती. घाई नव्हती. आपण भांडं घासतो, डाग जाईस्तोवर, तशी. पुसता पुसता तिने नजर वर केली.

अनुपमा किंचाळली असती. पण त्या मुलीच्या डोळ्यांत तिला भय घालण्यासारखं काही नव्हतं. 'तू पण लाग की कामाला' असं होतं.

अनुपमाने आपल्या पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि गालावर घासलं. साबणाला न गेलेलं पदराला आलं. चंदेरी काठ काळा, चकचकीत झाला. शिसं. ती घासत राहिली, आणि मग तिच्या लक्षात आलं की आवाज आता मेजाकडून येत नाहीये. भिंतभर फळ्या होत्या, फळ्यांवर वर्षानुवर्षांच्या निगेटिव्हची खोकी, आणि प्रत्येक खोक्यातून तोच आवाज येत होता. मध्येच एका खोक्यात कोणी तरी खुदकन हसलं. मग दुसऱ्यात. तिच्या पाठीवर सर्रकन काटा आला, आणि खरं सांगायचं तर तिलाही हसू आलं.

६

शनिवारी हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. 'ओळखा पाहू!' समोर बायकांचा नुसता कल्ला. खाष्ट सासूपुढे सुना ठाण मांडून उभ्या होत्या. तेवढ्यात एक पोक्त बाई पुढे आल्या, चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवलं. तिथे मोहरीएवढा तीळ होता.

"माझ्या दाखवायच्या फोटोत नव्हता हो हा," त्या कोणाला तरी सांगत होत्या. "मालक बोहल्यावर विचारत होते, हा कुठून आला म्हणून!" आणि त्या इतक्या हसल्या की त्यांना धरावं लागलं.

सोशिक सुनेपुढे मात्र शांतता होती. मंडळाच्या अध्यक्षबाईंनी चट्ट्याकडे बोट दाखवून गंभीर आवाजात सांगायला सुरुवात केली होती, "बघा, सासरच्या छळाची ही खूण..." तेवढ्यात मार्केटात फुलं विकणारी शेवंती गर्दीतून कोपराने वाट काढत आली.

"ए थांबा, थांबा. हा माझा आहे. तावड्यांनी फोटोतून पुसलेला." तिने पदर बाजूला केला. मानेवर तोच चट्टा, तसाच चुरगळलेला. "कसली सासू नि कसलं काय! सासू माझी गाय आहे. लहानपणी मीच कढईतली भजी चोरत होते, तेल उडालं. बाईच्या अंगावर डाग दिसला की लगेच बिचारी करून टाकता व्हय?"

अध्यक्षबाईंनी उचललेलं बोट हळूच खाली घेतलं. मग हॉल जो हसला, तो बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू गेला. रत्नप्रभा टाळ्या पिटत होती. शेवंतीने तिच्याकडे वळून हळूच विचारलं, "पण माझा चट्टा तुमच्या मानेवर आला कसा, बाई?" रत्नप्रभाने तिला हाताला धरून फोटोशेजारी उभं केलं.

तावडे शेवटच्या फोटोपुढे उभे होते. आपल्या मुलीपुढे. डोळ्याखाली डाग, सगळे दात बाहेर. मग त्यांनी शेजारी उभ्या अनुपमाकडे पाहिलं. तिथेही डाग, होता तसाच. त्यांचा चेहरा उतरला.

"उद्या काय सांगू गं मी त्यांना?" त्यांनी विचारलं. "फसवलंत म्हणतील."

"खरं ते सांगा, बाबा. ही मीच आहे."

७

रविवारी मुलुंडची मंडळी आली. मुलगा सहदेव, वीज कंपनीतला, मान खाली घालून बसणारा, आणि त्याची आत्या, सगळं बोलणं जिच्याकडे होतं ती. आईने पोहे पुढे केले. अनुपमा येऊन बसली, मान सरळ ठेवून. खिडकीचा उजेड नेमका डाव्या गालावर पडत होता.

तावड्यांनी घसा खाकरला. "आधीच सांगतो. फोटोत जरा माझा हात फिरलाय. मुलीच्या गालावर डाग आहे. जन्माचा. तुम्हाला वाटेल..."

"अहो, डाग आहे ते काय सांगता?" आत्याबाई म्हणाल्या. "फोटोत दिसतोच आहे की! बघूनच आलोय आम्ही."

आत्याबाईंनी पिशवीतून फोटो काढून तावड्यांच्या हातात दिला. त्यांनी तो खिडकीशी धरला. निळी साडी होती, स्टूल होतं, प्लास्टिकची फुलं होती, आणि डोळ्याखाली चिंचोक्याएवढा डाग होता. तावड्यांची बोटं त्या जागेवरून पुन्हा पुन्हा फिरत राहिली. आपल्या हाताची एकही रेघ त्यांना सापडेना.

"मला नं, एकच विचारायचंय," आत्याबाईंनी आवाज खाली आणला. "हसाल मला. पण तुम्ही पाठवलात तेव्हा हिचे ओठ मिटलेले होते ना? मी रोज पोथीपाशी ठेवून बघत होते हो. परवा दुपारी बघते तर..."

अनुपमाने बाबांच्या हातातून फोटो घेतला. त्यातली मुलगी खळखळून हसत होती, सगळे दात दाखवून. हातात पदराचं टोक होतं, बोटाला गुंडाळलेलं. चंदेरी काठ काळा झाला होता.

"म्हशीचं दूध होतं," अनुपमा म्हणाली.

"काय?" सहदेवने पहिल्यांदाच मान वर केली.

"काही नाही. मला वेळ हवाय, विचार करून सांगेन." मग तिला त्याच्या भांबावलेल्या तोंडाची दया आली. "त्याआधी तुम्ही एकदा स्टुडिओत या. तुमचा फोटो काढते. मलाही बघायला नको?"

आत्याबाई आधी चमकल्या आणि मग पोह्यांच्या बशीवर वाकून हसत सुटल्या. आई हसली. सगळ्यात शेवटी, डोळे पुसत, बाबाही हसले, आणि अनुपमाला उमजलं की बाबांचे दात तिने आजवर पाहिलेच नव्हते.

सोमवारी सकाळी स्टुडिओत एक नवी मुलगी आली, घाबरलेली, ओठांवर पातळ मिसरूड असलेली. तावडे कॅमेऱ्यामागे उभे राहिले. सवयीने तोंड उघडलं, फळ्यांवरच्या खोक्यांकडे एकवार पाहिलं, आणि मिटलं.

"बस गं बाय, तुला हवं तसं," ते म्हणाले.

खोक्यांमधून काही तरी खसखसलं. मुलीने दचकून वर पाहिलं.

"उंदीर आहेत," तावडे म्हणाले.

"हो, उंदीरच," अनुपमा म्हणाली आणि निळ्या साडीचा काळा झालेला पदर मुलीच्या खांद्यावर नीट लावून दिला.